हलू नको

कांदा काढणीला आला की माझा फोन वाजायला लागतो. आमच्या शिरूर तालुक्यात ही दोन कामं एकदमच अंगावर येतात. तिकडं रानात बाया वाफ्यात बसून कांदा उपटतात, पात कापतात, तो उग्र वास वाऱ्यावर तळेगाव ढमढेऱ्याच्या स्टँडपर्यंत येतो. आणि इकडं माझ्या पार्लरच्या काचेतून कुणाची तरी आई आत डोकावते, मागं लाजलेली नाहीतर तोंड फुगवलेली लेक. "ताई, वैशाखातली तारीख धरलीया, तुमी मोकळ्या हाय ना?" लग्नसराई म्हणजे आमची सुगी. वर्षभर भुवया कोरायच्या आणि या तीन महिन्यांत खरं काम करायचं. लोकांना वाटतं, सराई आली की ही खुशीत असणार. खोटं कशाला बोलू? चार वर्षं झाली, तो कांद्याचा वास नाकात गेला की मी पार्लरचं दार लावून घेते.

या हंगामाला वासच फार. उन्हात तापलेल्या मांडवाच्या कापडाचा वास, जनरेटरच्या डिझेलचा, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या गजऱ्याचा, आणि या सगळ्यावर माझ्या हेअरस्प्रेचा. घरातल्या एकुलत्या एक कूलरपुढं नवरीला बसवायचं, भोवती आत्या, मावश्या, चुलत्या, त्यांची लेकरं. उकाडा असला की पावडर लावेपर्यंत खालून घाम फुटतो. पुसायचं, परत लावायचं. आणि दिवसभर तोंडात तीच चार वाक्यं: डोळे मीट, वर बघ, ओठ सैल सोड, हलू नको. घरी माझी लेक नक्कल करते माझी. झोपेतसुद्धा "हलू नको" म्हणते म्हणे मी.

माझी अम्मी बांगड्या भरायची. आम्ही मनियार, पिढ्यान् पिढ्या तोच धंदा. खांद्याला बांगड्यांच्या माळा, हातात पेटी, आणि जीपमध्ये कोंबून घेऊन कवठे येमाई, केंदूर, पार दौंडच्या पट्ट्यापर्यंत. गावोगाव तिला 'भाभी' म्हणायचे. नवरीला हिरवा चुडा भरायचा तर आमच्या भाभीच पाहिजेत, असा हट्ट असायचा घराघरात. अम्मी जमिनीवर मांडी घालून बसायची, पोरीचा हात स्वतःच्या मांडीवर घ्यायची, साबणाचं पाणी लावून बोटांची हाडं अशी काही दाबायची की सव्वादोन इंची बांगडी अडीचची व्हावी तशी सरकन मनगटात जायची. तिनं किती हात पाहिले असतील! भाजलेले, वळ उठलेले, कुणाचं तरी नाव गोंदून मग खरवडून काढलेले. पण घरी आल्यावर कधी चकार शब्द नाही. मी लहानपणी विचारायची, "आज काय झालं गं कवठ्याला?" तर म्हणायची, "बांगड्या भरल्या." बस्स. मला तिचा राग यायचा. एवढं फिरून येते आणि एक गोष्ट सांगत नाही म्हणजे काय!

मी मात्र सांगायला निघाले. अख्ख्या जगाला.

झालं काय, की माझं काम चांगलं होतं, आणि ते कुणाला माहीत नव्हतं. शिरूरच्या एका पोरीनं माझ्यापेक्षा निम्मं काम येत असताना रीलं टाकून टाकून सगळ्या मोठ्या ऑर्डरी उचलल्या. माझ्या पेजवर काय होतं? गुलाबाच्या फुलावर 'शुभ सकाळ', आणि भावजयीला नटवून काढलेला एक व्हिडिओ, ज्यात तिच्यापेक्षा वरचा डुगडुगणारा पंखाच जास्त दिसत होता. मग पुण्यात एका दिवसाच्या ट्रेनिंगला गेले. धंद्यासाठी सोशल मीडिया कसा वापरायचा, असा विषय. शिकवणारा पोरगेलासा होता, पांढरे बूट, कॉलरला माईक. म्हणाला, "तुमचं काम दिसत नाही, म्हणजे ते नाहीच." अगदी काळजात घुसलं माझ्या. लेकीच्या जुन्या वहीत मी सगळं उतरवून घेतलं. पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे. आधीचा चेहरा आणि नंतरचा चेहरा, दोन्ही दाखवा; फरक जेवढा मोठा तेवढं चांगलं. खरी माणसं दाखवा. गावाचं नाव टाका म्हणजे गावातल्या लोकांना दिसेल. क्लायंटची परमिशन घ्या. हेही तो म्हणाला होता बरं का, चहा आणि ग्रुप फोटोच्या मध्ये, एका वाक्यात. मी ते लिहून त्याच्याखाली रेघसुद्धा ओढली होती. वही अजून आहे माझ्याकडं.

अश्विनी कवठे येमाईची. तिच्या वडिलांना सगळं गाव आबा म्हणायचं, म्हणून मीही आबाच म्हणते. पोरगी बी.एस्सी. झालेली, हसली की डोळे बारीक व्हायचे. तिला कोड होतं. डाव्या जबड्याखालून गळ्यावर उतरलेला हाताएवढा पांढरा डाग, आणि एक मनगटावर. गावात फारसं कुणाला माहीत नव्हतं, कारण आमच्याकडं सगळ्याच पोरी गाडीवर बसताना तोंडाला स्कार्फ गुंडाळतात. हिचा स्कार्फ जरा जास्त वेळ राहायचा, एवढंच. गळाबंद ड्रेस, मोकळे केस एका बाजूला. पोरगा दौंडकडचा, कंपनीत कामाला. लग्न गुरुवारी होतं. सोमवारी दुपारी मी ट्रायल मेकअपला गेले आणि माझ्याबरोबर चुडा भरायला अम्मी आली. दोघी मायलेकी एकाच घरात कामाला, असं ते पहिल्यांदाच झालं होतं. अश्विनीची आई कौतुकानं म्हणाली, "भाभी हाताला आन् लेक तोंडाला! आमच्या पोरीची चैनच हाय." सगळ्या हसल्या.

मी खिडकीत मोबाईल लावला. खिडकीतून कांद्याच्या ढिगाचा वास येत होता, कूलर घरघरत होता. अम्मीनं बांगड्या बाजूला ठेवत विचारलं, "वो कायको लगाई गे?" मी म्हटलं, "काम दाखवायला, अम्मी." अम्मीनं साबणाचं पाणी पुढं ओढलं. अश्विनीच्या मनगटावरचा डाग दिसू नये म्हणून तिनं मांडीवर पदर पसरला होता आणि पदराखालीच बांगड्या चढवत होती. खोलीत बाकी चार बायका होत्या, त्यांच्यापर्यंत पोचला तो बांगड्यांचा आवाज फक्त.

आणि मी वर काय करत होते? स्कार्फ काढून, केस मागं घेऊन, गळ्यावर उजेड पाडून 'आधी'चा शॉट घेतला. मग काम सुरू केलं. खरं सांगते, तसं काम माझ्या हातून परत झालं नाही. केशरी रंगाचा थर, त्यावर तिच्या कातडीचा, थोपटून थोपटून, कडा विरवून. तासाभरात तो डाग गेला. पोरीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी अश्विनीच्या पापणीवर लायनर ओढत होते, तेव्हा मला वहीतली रेघ आठवली. मी विचारलं, "पेजवर टाकू ना गं हे?" ती काही म्हणाली नाही. नाही म्हणाली नाही. मी पुढचा डोळा घेतला.

आता यापुढचं जे केलं ते जगात दुसरीकडं कुठल्या मेकअपवालीनं केलं नसतं, आमच्याकडचंच माणूस ते करू शकतं. आमच्याकडं वाढदिवस असो, दहावीचा निकाल असो की दहाव्याचा विधी, चौकात फ्लेक्स लागतो, आणि फ्लेक्सवर माणसाचं नाव, गाव, घराणं, काका-मामा सगळं लागतं. नाव राहिलं तर माणसं रुसतात, वर्ष वर्ष बोलत नाहीत. मी त्या सवयीनं रील टाकलं. खाली लिहिलं: कवठे येमाईच्या आबांची लाडकी कन्या, दौंडच्या अमुक घराण्याची होणारी सून. सासरचं आडनाव, गावाचं नाव, पोराचं नाव, लग्नाची तारीख. म्हटलं, दोन्हीकडच्यांना मान मिळेल, दौंडच्या बाजूचंही काम मिळेल. मंगळवारी दुपारी चार वाजता टाकलं, कारण चारला लोक मोबाईल बघतात असं वहीत होतं.

पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला. सगळेच थांबले. संध्याकाळच्या स्वयंपाकापर्यंत हजारांवर गेलं. मी एका हातानं भाकरी थापत होते आणि दुसऱ्या हातानं लोकांना उत्तरं देत होते. कुणी लिहिलं, काय हात आहे ताई तुमचा. मी लिहिलं, धन्यवाद ताई. कुणी लिहिलं, एक नंबर. धन्यवाद दादा. कुणी लिहिलं, वहिनींच्या गळ्याला काय झालंय? मी लिहिलं, धन्यवाद ताई. वाचतच नव्हते मी. आनंदानं माणूस किती आंधळं होतं, माझ्याकडं बघा.

बुधवारी हळद. मी सकाळीच कवठ्याला पोहोचले. मांडव घातला होता, पाट्यावर हळद वाटून ठेवली होती, आचारी भट्टी पेटवत होता. अश्विनीचा अर्धा चेहरा झाला होता माझा, डावी बाजू. तेवढ्यात दारात दोन गाड्या थांबल्या. दौंडकडची माणसं. पोराचा मामा, दोन चुलते, आणि पोरगा स्वतः. हळदीच्या दिवशी नवरदेव नवरीच्या दारात? बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. ओसरीवर सतरंजी टाकली. मध्ये नुसता एक पडदा, आतून सगळं ऐकू येत होतं.

मामा शांत माणूस होता, आवाज चढवला नाही त्यानं. "पोरगी वाईट हाय असं आमी म्हणत न्हाई, आबा. पर तुमी झाकून ठिवलं."

"झाकलं न्हाई," आबा म्हणाले. "तुमच्या पोराला माझ्या पोरीनं पयल्या भेटीतच दावलं व्हतं. इचारा त्याला."

आत अश्विनीनं डोळे उघडले. मी स्पंज हातात धरून उभी.

पोरगा म्हणाला, "व्हय. दावलं व्हतं. मला ठाऊक व्हतं."

"मग झालं की!" आबांचा आवाज असा फुटला, की मला वाटलं, सुटलो. या अल्ला, सुटलो. अश्विनीच्या आईनं माझा दंड घट्ट धरला.

"मला चालत व्हतं, आबा," पोरगा म्हणाला. "पर आता ते कंपनीत पोरापोराच्या मोबाईलवर हाय. नावासकट हाय. काल शिफ्टला गेलो तर मशिनीवर उभं राहून बघत व्हती पोरं. माझ्या आयला गल्लीतल्या बाया इचारायला आल्या. मी कुणाकुणाला सांगत बसू?" मग त्याचा आवाज बारीक झाला. "मला न्हाई जमायचं."

एवढंच. शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही. त्यांनी चहासुद्धा घेतला, नको म्हणता येईना म्हणून. अश्विनी रडली नाही. आरशात बघत मला म्हणाली, "ताई, पुसा." मी अर्धा चेहरा पुसला. कापसाला रंग येत गेला आणि खालचा डाग वर येत गेला.

मला अजून एक भीती होती. आमची घरं त्या गावांत किती पिढ्यांची असली तरी अशा वेळी आडनावं बघितली जातात, हे मला माहीत आहे. तसं कुणीतरी मांडवात पुटपुटलंही. तेव्हा आबा उठले आणि म्हणाले, "भाभीच्या लेकीला कुणी काय बोलायचं न्हाई. तिला काय ठाऊक?" त्यापेक्षा त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

दुपारी अम्मीला निरोप गेला. ती जीपनं आली. तोवर मांडवाचे बांबू सुटत होते, भट्टी विझवली होती, वाटलेल्या हळदीवर ताट झाकून ठेवलं होतं. चुडा भरून झाला होता, आता तो उतरवायचा होता. तो फोडता येत नाही. फोडतात ते वेगळ्या दिवशी, आणि तो शब्द कुणी तोंडातून काढत नाही. अम्मी परत जमिनीवर बसली, परत तिनं तो हात मांडीवर घेतला, साबणाचं पाणी लावलं. बांगडी चढवण्यापेक्षा उतरवायला जास्त वेळ लागतो. एक एक बांगडी, हाडं दाबत, अंगठा वळवत. बेचाळीस बांगड्या. एकही फुटली नाही. पोरीचे हात लाल झाले होते. सगळ्या उतरल्यावर अम्मीनं ते दोन्ही हात पुसले आणि मनगटावरचा डाग अंगठ्यानं एकदा हलकेच चोळला, लेकराला लागल्यावर चोळतात तसा.

जीपमध्ये आम्ही शेजारी बसलो. मी म्हटलं, "अम्मी, मैं पूछी थी उसको." अम्मी बाहेर बघत म्हणाली, "पस्तीस साल हात पकडी मैं. किसीका हात किसीको नै दिखाई." त्यानंतर ती कुणाचा चुडा भरायला गेली नाही. बोलावणी येत राहिली. गुडघे दुखतात म्हणायची. पेटी अजून माळ्यावर आहे.

मी त्याच दिवशी रील काढून टाकलं होतं, अर्थात. पण ते गेलंच नाही. कुणी उतरवून घेतलं होतं, कुणी ग्रुपवर टाकलं, कुणी खाली रडकं गाणं लावून पुन्हा चढवलं. आणि आता जे सांगते ते सांगायला जीभ वळत नाही. त्या रीलनं माझा धंदा उभा राहिला. बारामती, नगर, कुठून कुठून फोन. कोड असलेल्या, भाजलेल्या, कांजिण्यांचे व्रण असलेल्या पोरी आणि त्यांच्या आया. "ती कवठ्याची पोरगी केली ती तुम्हीच ना?" मी नाही म्हणाले नाही. पेजही बंद केलं नाही. नवीन गाळा घेतला, मोठी काच लावली. माणूस असंच असतं की मीच अशी आहे, मला कळत नाही. जो कुणी विचारेल त्याला मी एकच सांगत आले: मी तिला विचारलं होतं. नवऱ्याला सांगितलं, बहिणीला सांगितलं, पुण्याच्या त्या ट्रेनिंगवाल्याला मेसेज करून सांगितलं. त्यानं अंगठा पाठवला. नमाजानंतर हात वर केले की तिथंही तेच. मी विचारलं होतं.

यंदा कांदा निघाला, वास सुटला, आणि तळेगावच्या आठवडी बाजारात ती मला दिसली. भर उन्हात कोथिंबिरीच्या ढिगापुढं उभी. स्कार्फ नव्हता. डाग आता ओठांच्या कोपऱ्यापर्यंत आलाय, दोन्ही हातांवर उतरलाय. रोपवाटिकेत काम करते म्हणाली, रोपं तयार करायचं. आबांची तब्येत बरी नाही. लग्नाचं मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. तिनं अम्मीची चौकशी केली, मनापासून केली. मला वाटलं होतं ती तोंड फिरवेल; तशी तयारी करून ठेवली होती मी चार वर्षं. ती नीट बोलत होती आणि त्यानंच माझा बांध फुटला. बाजारात, माणसांच्या गर्दीत, मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "चुकलं गं माझं. पण खरंच सांगते अश्विनी, मी विचारलं होतं गं तुला."

"व्हय की, ताई. इचारलं व्हतं तुमी," ती म्हणाली. रागानं नाही. "माझी मान हलवायची व्हती. पर तुमचं डोळ्याचं काम चाललं व्हतं आन् तुमी म्हणला व्हता, हलू नको."

मग तिनं कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली आणि जीप सुटायला आली म्हणून निघून गेली.

काल केंदूरची पोरगी होती खुर्चीत. हळद आजच आहे तिची. मी म्हटलं, डोळे मीट. म्हटलं, वर बघ. लायनर उघडला, पापणीवर टेकवला, आणि पुढचे दोन शब्द तोंडातून निघेनात. पोरगी हलली, रेघ फाकली. मी पुसली आणि परत ओढली. ती परत हलली. मी परत पुसली.